काकांची तीन स्क्रूची गिटार

माळ्यावरची पेटी उतरवली तेव्हा आत गंजक्या तारा, झुरळांची घाण आणि निळ्या ऑइलपेंटनं रंगवलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार निघाली. बेळगावच्या शहापुरात गणपतीसमोर वाजवणाऱ्या काकांच्या ऑर्केस्ट्राचा ड्रेस निळा, म्हणून गिटारवरही त्यांनीच ब्रश फिरवलेला. वास्कोच्या एका तारवट्याकडून, म्हणजे बोटीवरच्या खलाशाकडून, घेतलेली ही गिटार १९७२ ची, असं ते छातीठोकपणे सांगत. गिटारची मान त्या काळातल्या फेंडरसारखी तीन स्क्रूंवर बसवलेली होती, त्यामुळे मीही मान डोलावायचो.

पिकगार्ड, म्हणजे पुढची प्लॅस्टिकची पाटी, उघडलं आणि पॉटच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर आकडा दिसला : १३७७६१९. १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, पुढं ७६ साल, १९ वा आठवडा. सोल्डरही कुणी हात न लावलेलं. म्हणजे गिटार १९७६ च्या आधीची असूच शकत नाही. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

रंगाला पेंट रिमूव्हर लावायचा मोह आवरला. त्या काळातल्या फेंडरवरचा पॉलिएस्टरचा थर दणकट असतो, पण रिमूव्हर कुठं थांबेल याचा भरवसा कोण देणार? हेअर ड्रायरनं कोमट करायचं आणि जुन्या एटीएम कार्डानं खरवडायचं. तीन रविवार गेले, मूळचा सनबर्स्ट, मध्ये फिकट नि कडेला गडद असा रंग, वर आला.

खरी कसोटी मधल्या पिकअपची, म्हणजे तारांचं कंपन विजेत पकडणाऱ्या तीन कॉइलींपैकी एकीची. बाकीचे दोन मल्टिमीटरवर साडेपाच-पावणेसहा किलोओहम दाखवत होते, हा ठार मुका. आत ४२ गेजची, केसासारखी बारीक तार आणि तिचे हजारो वेढे. उद्यमबागेतल्या एका मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं नेला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, आम्ही पंपाच्या मोटरी भरतो. ही तार शिंकलो तरी तुटंल की!" पण मी निघताना तोच म्हणाला, "सगळं उसवायच्या आधी दोन्ही टोकं बघा. कॉइल बऱ्याचदा टोकालाच मरते."

भिंगाखाली धरलं तर बाहेरचं टोक हिरवं पडून सुटलेलं. बेळगावचा पावसाळा, दुसरं काय! अर्धा वेढा सोडवला, टोकाचं इनॅमल हलकेच खरवडलं, सोल्डरचा ठिपका दिला. मीटरवर ५.७! मी घरात ओरडलोच.

झिजलेल्या नटसाठी, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीसाठी, मिरज गाठलं. सतारीच्या कारागिरानं गिटार उलटीपालटी करून पाहिली, "हा तर आमचा मेरूच," म्हणाला आणि हाडाची पट्टी घासायला घेतली. एवढा एक भाग मूळचा नाही. पण नट झिजणारच, त्याचं मला वाईट वाटत नाही.

कुठला पिकअप वाजायचा ते ठरवणारा स्विच मात्र अडला. गिटारमध्ये पाच खाचांचा होता. फेंडरनं तो १९७७ पासून द्यायला सुरुवात केली, त्याआधी तीनच खाचा. नवा मागवणार, एवढ्यात काकांनी तंबाखूची डबी पुढं केली. आत जुना स्विच, कागदात गुंडाळलेला. "मीच बदलला होता. टाकला नाही बघ."

तो बसवला, तारा चढवल्या. काकांनी गिटार मांडीवर घेतली आणि करंगळीनं दांडी दोन खाचांच्या मधोमध अलगद तोलून धरली. पाच खाचांचा स्विच येण्याआधी वादक दोन पिकअप एकदम वाजतात तो मधला आवाज असाच काढत. थोडा वेळ वाजवून ते म्हणाले, "बरं आहे की. पण निळा रंग कशाला काढलास रे?"