तुम्ही विचारलंत म्हणून: हे शिपाई मिळतात कुठे?

घरी येणारा प्रत्येक जण कपाटाच्या काचेला नाक लावतो आणि विचारतो, "हे कुठे मिळतात हो?" दिवाळीच्या तोंडावर गल्लीतली पोरं तर मागतातच, "काका, किल्ल्यावर मांडायला द्या की." देत नाही. मातीचे मावळे दहा ठिकाणी मिळतात. माझा शिपाई जेमतेम २८ मिलिमीटरचा, आणि तो विकत मिळतच नाही. उरल्यासुरल्यातून जुळवलेला आहे.

वॉरगेमिंगच्या, म्हणजे छोट्या शिपायांनी टेबलावर लढाया खेळायच्या छंदाच्या, प्लास्टिक डब्यात धडांपेक्षा डोकी आणि हात जास्त येतात. नेपोलियनच्या काळातलं इंग्रज पायदळ झालं, १८८० च्या दशकातले सुदानचे महदीवाले (महदी या धर्मनेत्याचे लढवय्ये) झाले, आणि चपलांचा एक खोका भरून जादा माल उरला. टाकवेना. एका संध्याकाळी सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी बसलो होतो, समोर भुईकोट. तिथंच ठरलं, मे १८१८ ची फौज करायची. त्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले. दुसरा बाजीराव घोडदळासह पळत राहिला. पायदळ नि तोफा मात्र सोलापुरात, इंग्रज सेनानी मन्रोच्या समोर. पेशव्यांच्या त्या पायदळात अरबही होते. असल्या फौजेचा तयार डबा कोण कशाला काढेल?

अरबांना महदीवाल्यांची धडं चालतात, पण झब्ब्यांवर ठिगळं कोरलेली असतात. ती महदीच्या माणसांची खूण, म्हणून ब्लेडच्या पाठीनं खरवडून काढायची. हातातली रायफलही साठेक वर्षं पुढची. तोड्याची लांब बंदूक हवी, तर नळी कापायची, टोकात बारीक भोक पाडायचं आणि पितळी तार बसवायची. भोक जरा तिरकं गेलं की ड्रिल बाजूनं बाहेर. असल्या फुटक्या फुंकण्या खोक्यात पुष्कळ आहेत.

कवायती शिपायांना इंग्रजांची धडं. त्यांची उंच टोपी कपाळाच्या रेषेवर कापायची, नाक सांभाळून. मग एम-सील. दोन्ही वड्या एकरंग होईस्तोवर मळायच्या, शेवईएवढी वळी करायची, ओल्या सुईनं डोक्याभोवती गुंडाळत न्यायची. मागची वळी पुढचीवर जरा चढली पाहिजे, नाहीतर पगडीऐवजी चुंबळ दिसते. गोम अशी की उन्हाळ्यात लगदा लवकर आवळतो. पहिल्याच मे महिन्यात, भर दुपारी, हौसेनं एकदम वीस डोक्यांपुरता मळला. बाराव्या पगडीला त्याचा दगड झाला. आठ जण बोडके राहिले. आता रात्री दहानंतर बसतो, आणि एका वेळी चारच डोकी.

भाले खराट्याच्या हिराचे. (खराटा रोज बारीक होतोय हे घरात लक्षात आलंय.) बैठकीवर शेतातली काळी माती, वस्त्रगाळ. रंगात मी सगळे एकसारखे करत नाही. तसे केले की दुकानातून आणल्यासारखे दिसतात.

त्या आठ बोडक्यांच्या टाळू नंतर भरल्या, शेंड्या लावल्या आणि त्यांना तोफांवर पाठवलं. पगड्या कुठायत असं कुणी विचारलंच तर सांगतो, सोलापूरचा मे आहे, उकडतंय त्यांना.