जस्ट जोई: पिवळ्या पानांचं मूळ अखेर सापडलं

आज सकाळी पहार जेमतेम वीतभर आत गेली आणि ठण्णकन वाजली. दुसऱ्या घावाला गिलाव्याचा थर चिकटलेला विटेचा तुकडा वर आला, त्यामागून फरशीचे कपचे, मग सिमेंटचा मुठीएवढा गोळा. मी तिथंच मातीत बसून राहिले. एप्रिलपासून माझ्या ‘जस्ट जोई’ गुलाबाच्या, जोईच्या, पिवळ्या पानांवर जे जे करत होते, त्या सगळ्याचं उत्तर तिच्या मुळाशी पुरलेलं होतं. राडारोडा!

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: पुण्यात आमच्या रो-हाउसमागे बारा बाय आठ फुटांची बाग आहे. बाकीचे सगळे गुलाब कुंडीत, जमिनीत फक्त जोई, कंपाउंडच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात. कोपरा लहान, म्हणून अडीच फुटांत आटपणारा, आडवा भरणारा हायब्रिड टी (एका देठावर एक मोठं फूल देणारा गुलाब) हवा होता आणि रंग नारिंगीच हवा होता. कोलचेस्टरच्या कँट्सनी १९७२ साली आणलेलं हे वाण. आई ‘फ्रॅग्रंट क्लाउड’, त्यामुळे वास भरपूर. नाव पैदासकार रॉजर पॉसी यांच्या पत्नीचं. १९९४ मध्ये जागतिक गुलाब संघटनेच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलं. पाकळीची कड चुणीदार, आणि रंग पिकल्या जर्दाळूचा, थंडीत तांब्याकडे झुकणारा. पहिल्या हिवाळ्यातली सहा फुलं मी अजून विसरलेले नाही.

यंदा एप्रिलमध्ये शेंड्याची पानं पिवळी यायला लागली. शिरा हिरव्या, मधली जागा लिंबासारखी. तेव्हा मी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियमचं खत, दिलं. ही माझी पहिली चूक. मॅग्नेशियम कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. लोह कमी पडलं तर नवी, वरची. जोई वरून पिवळी होत होती, हे डोळ्यांसमोर असून मी नीट पाहिलं नाही.

मग हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. दोन दिवसांत मातीवर गंजासारखा तांबूस थर धरला, म्हणजे लोह मुळांना मिळण्याआधीच मातीत अडकलं. मग एका दुकानातून ‘चिलेटेड आयर्न’ आणलं, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह. दुकानदार म्हणाले, ‘‘ताई, चिलेटेड म्हणजे चिलेटेड, सगळं सारखंच.’’ सारखं नसतं! घरी येऊन बारीक अक्षरं वाचली तर लोह धरणारं रसायन ईडीटीए. मातीचा सामू (pH) साडेसहाच्या वर गेला की ते लोह धरून ठेवू शकत नाही, आणि माझ्या कोपऱ्यातला सामू ८.२. चुनखडीच्या मातीत ईडीडीएचए हा दुसरा प्रकारच लागतो. लोहाचं खत घेताना ही अक्षरं पाकिटावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. महाग आहे, पण एका झाडाला तीन-चार ग्रॅम पुरतं.

जूनमध्ये ते दिलं. पाण्यात घातलं की कोकमाच्या आगळासारखं गडद लाल होतं. कडक उन्हात ते खराब होतं, म्हणून संध्याकाळी बुंध्याभोवती ओतलं. पंधरा दिवसांत नवी पानं हिरवीगार. मी इथं आनंदाने लिहिलंही होतं. पण हे लोह पाण्याबरोबर सहज वाहून जातं. जुलै-ऑगस्टच्या पावसाने ते धुऊन नेलं. १४ ऑक्टोबरला छाटणी केली, आठवड्याभरात डोळे फुगले, जोईची ती सुंदर तांबूस पालवी आली, आणि हिरवी व्हायच्या ऐवजी पुन्हा पिवळी. त्या दिवशी मी खरंच रडवेली झाले. छाटणीनंतरचा हा बहर म्हणजे आपलं वर्षभराचं धन.

तोवर माझा संशय टँकरच्या पाण्यावर होता. उन्हाळाभर सायट्रिक ॲसिड घालून, पट्टी बुडवून, सामू साडेसहावर आणून बादल्या भरल्या. पण हेच पाणी, तेही ॲसिड न घालता, कुंडीतला ‘सुपर स्टार’ गुलाब पीत होता आणि तो हिरवाच होता. (त्याला भुरी नेहमीप्रमाणे आलीच, पण पिवळेपणा नाही.) मग पाणी दोषी कसं? मातीत चुना असेल तर व्हिनेगर टाकल्यावर ती फसफसते. गेल्या आठवड्यात वाफ्याच्या वरच्या मातीवर ते टाकलं तर चार बुडबुडे आले. एवढ्याने सामू इतका चढणार नाही. म्हणून आज खाली खणायला घेतलं. फूटभर खालच्या मातीवर तेच व्हिनेगर टाकलं तर सोडा फुटल्यासारखं फसफसलं.

आता सगळं जुळतंय. वाफा करताना मी वरची आठ-नऊ इंच माती बदलली होती. पहिल्या वर्षी मुळं त्या चांगल्या मातीत होती, म्हणून ती सहा फुलं. दुसऱ्या वर्षी मुळं खाली उतरली आणि भिंत बांधताना गवंड्यांनी गाडलेल्या ढिगाऱ्यात जाऊन पोचली. वर मी दर सहा महिन्यांनी हाडांचा चुरा घालत होते. इतक्या सामूला तो विरघळत नाही, आणि जो थोडाफार फॉस्फरस सुटतो तो लोहाची अडवणूकच करतो.

गंधक घालून माती सुधारावी, असं आधी मनात आलं. म्हणून हिशोब केला: एक किलो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, संपवायला साधारण ३२० ग्रॅम गंधक लागतं. मी आज झाडाच्या एका बाजूने चार घमेली राडारोडा काढला आणि अजून निम्मा कोपरा शिल्लक आहे. त्यात पाच किलो जरी चुना धरला तरी दीड किलोच्या वर गंधक, तेही एका झाडाच्या मुळाशी. गंधक रद्द. राडारोडा उचलून बाहेर काढणं, नाहीतर झाडच हलवणं, एवढेच उपाय.

तर बेत असा होता: डिसेंबरचा बहर होऊ द्यायचा, जानेवारीत जोई उचलून सोळा इंची कुंडीत न्यायची आणि कोपरा सोडून द्यायचा. पण हे लिहिता लिहिता ऑगस्टमधली रानफूट आठवली, म्हणजे कलमाच्या खालून, खुंटातून आलेली फूट. कापण्याआधी फोटो काढला होता, तो आत्ता मोठा करून पाहिला. देठाच्या बुडाशी उपपर्णाला झालरीसारखे केस आहेत. म्हणजे खुंट, ज्या मुळांच्या झाडावर जोईचं कलम केलंय तो, मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचा! मल्टिफ्लोराला चुन्याची माती मुळीच सोसत नाही, तो लगेच पिवळा पडतो. नर्सरीत विचारलं होतं तेव्हा ‘‘आपला नेहमीचाच खुंट’’ एवढंच उत्तर मिळालं होतं. खुंट कोणता हे आपणच खोदून विचारायला हवं, आणि उत्तर मिळालं नाही तर झाड घेऊ नये, असं माझं आता ठाम मत झालंय.

म्हणून बेत बदलतेय. कोपरा सोडायचा नाही. ओडोराटा या दुसऱ्या गुलाबाचा खुंट चढ्या सामूला पुष्कळ जास्त तग धरतो. त्याच्या काड्या आता रुजत घालायच्या, पेन्सिलीएवढ्या झाल्या की फेब्रुवारीच्या आत त्यांवर जोईचे डोळे भरायचे, म्हणजे डोळ्याचं कलम करायचं. तोवर कोपरा दोन फूट खोल उपसून तांबडी माती आणि शेणखत भरायचं, आणि नवं झाड भिंतीपासून दीड फूट पुढे लावायचं, कारण भिंतीचा गिलावाही पावसात चुना सोडतोच. जुनी जोई कुंडीत जाईलच. मग दोन जोया! हे मला आत्ताच सुचलंय आणि फार आवडलंय. कोणाकडे ओडोराटाच्या काड्या असतील तर जरूर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.

काड्या कापायला सिकेटरचं, म्हणजे छाटणीच्या कात्रीचं, पातं लखलखीत हवं. दोन स्वस्त सिकेटर वर्षभरात ढिले पडल्यावर मी फेल्को कंपनीची घेतली. पातं बदलता येतं, आणि फांदी चिरडत नाही. पैसे वसूल.

बहराचं म्हणाल, तर ३ नोव्हेंबरला पुन्हा ईडीडीएचए दिलं होतं. आज सगळ्यात वरची पानं हिरवी आहेत, आणि सात फुटींपैकी पाचांवर वाटाण्याएवढ्या कळ्या धरल्यात. बाजूच्या कळ्या काढून टाकल्या, शेंड्याची तेवढी ठेवली. छाटणीपासून ४५ ते ५० दिवस धरले तर नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फूल दिसेल, आणि तेव्हा रात्री गार असल्या तर रंगही गडद येईल.

घमेली रिकामी करून परत येताना भिंतीच्या दुसऱ्या टोकाच्या लिंबाकडे लक्ष गेलं. त्याचेही शेंडे गेल्या वर्षीपासून पिवळे आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या. उद्या पहार तिथं.