त्याला स्वतःला कळत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात विचारलाय, हळदीकुंकवाला विचारलाय, एकदा तर बँकेच्या रांगेत. "अहो, तुमचा भाऊ एवढा शिकलेला, इंजिनिअर. आपण आजारी आहोत हे त्याला स्वतःला कळत नाही का? नीट समजावून का नाही सांगत?"

नाही कळत. आणि समजावून सांगितलंय. पहिली दोन वर्षं आम्ही दुसरं काही केलंच नाही.

२००९ साली तो चिंचवडला नोकरीला होता. खालच्या मजल्यावरचे लोक आपल्या मनातलं ऐकतात आणि मिक्सर लावून एकमेकांना कळवतात, असं त्याला वाटायला लागलं. 'वाटायला लागलं' हे आपण म्हणायचं. त्याला ते वाटत नव्हतं, ऐकू येत होतं. या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात. नोकरी सोडून साताऱ्याला घरी आला, तर मिक्सर त्याच्या मागोमाग इथंही आला. बाबांनी वायरमन बोलावून घरातले सगळे स्विचबोर्ड उघडून दाखवले. तो शांतपणे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही याला बोलावणार हे त्यांना आधीच कळलं. काढून ठेवलं त्यांनी." आम्ही पुढे केलेला प्रत्येक पुरावा त्याच्याच बाजूला जाऊन उभा राहायचा.

डॉक्टरकडे यायला तयार नव्हता, पण आईबरोबर नरसोबाच्या वाडीला मात्र एका शब्दात निघाला. आईला वाटलं, देवावर श्रद्धा आहे म्हणून. मला फार उशिरा उमगलं. तिथं त्याला कुणी 'तुला आजार आहे' म्हणालं नव्हतं. 'कुणीतरी तुला त्रास देतंय' असं म्हणणारी माणसं तिथं भेटली, आणि त्याचं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

मग आम्ही ती गोष्ट केली, जी पुष्कळ घरांत होते आणि कुणी बोलत नाही. पाण्यासारखं दिसणारं औषध आई त्याच्या आमटीत घालायला लागली. सहा आठवड्यांत फरक दिसला. मिक्सर कमी झाला, तो अंगणात येऊन बसायला लागला. एक दिवस त्याने आईला बाटलीसकट पाहिलं. त्यानंतर आठ महिने तो घरचं शिजवलेलं जेवला नाही. केळी, उकडलेली अंडी, संत्री. ज्याला साल किंवा कवच आहे तेवढंच. लोक माझ्या खाण्यात काहीतरी कालवतात, हे तो म्हणत होता, आणि आता ते खरं होतं. आम्ही खरं केलं होतं. आईने मायेपोटी केलं, तिला मी दोष देत नाही. पण तुमच्या घरी कुणी असं करत असेल तर थांबवा, एवढं मी हात जोडून सांगेन.

माझे डोळे उघडले ते निराळ्याच ठिकाणी. बाबांचं ऑपरेशन होतं, शेजारच्या कॉटवर एक आजोबा होते. अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली. मुलगी म्हणायची, "बाबा, डावा हात उचला." हात चादरीवर तसाच पडलेला, आणि आजोबा म्हणायचे, "उचललाय की!" खोटं बोलत नव्हते. त्यांच्यावर कुणी चिडलं नाही, 'हट्टी आहेत, मनावर घेत नाहीत' असं कुणी म्हणालं नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की असं होतं. पॅरिसच्या जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ साली अशाच रुग्णांवरून याला नाव दिलं, ॲनोसोग्नोसिया. म्हणजे स्वतःच्या आजाराचं भान नसणं. मी तिथं स्टुलावर बसून रडले, कारण भावाला मी काय काय बोलले होते ते सगळं आठवलं.

पुढे हाच शब्द मनोविकारांसाठीही वापरला जाऊ लागला. सगळ्यांचं सारखं नसतं. कुणाला थोडं कळतं, कुणाला कधी कळतं कधी नाही, आणि कळूनही लाजेपोटी नाकारणारे असतातच. पण जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा मोठा अभ्यास केला होता, आपलं आग्राही त्यात होतं. १९७३ साली त्याचा अहवाल आला. सर्वांत जास्त आढळलेलं लक्षण आवाज ऐकू येणं नव्हतं, संशयही नव्हता. 'मला काही झालेलं नाही' हे होतं, १०० पैकी ९७ जणांत. ज्या मेंदूने तपासून सांगायचं, तोच आजारी. मग सांगणार कोण?

पुण्याला डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. तिथं रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. तिथल्या एका शुभंकर बाईंनी मला विचारलं, "आजार सोडा. त्याला स्वतःला काय नको झालंय?" झोप लागत नाही, हे तो रोज सांगत होता. दहा वर्षांत मी ते तक्रार म्हणून ऐकलंच नव्हतं.

लगेच सगळं सुधारलं नाही. २०१९ मध्ये त्याने खाणंपिणंच सोडलं, तेव्हा २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली, नातेवाईक म्हणून मी अर्ज करून त्याला दाखल केलं. त्याच्या इच्छेविरुद्ध. दोघा तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासलं, मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. त्या सहीबद्दल त्याने अजून मला माफ केलेलं नाही. मी पुन्हा ती सही करेन.

आता महिन्याला एक इंजेक्शन असतं. "झोपेसाठी घेतो," म्हणतो. मी "बरं" म्हणते. मला 'आजारासाठी' हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं नाही. मागच्या दिवाळीत कंदील लावताना मात्र तो एकदम म्हणाला, "ताई, माझी किती वर्षं गेली गं?" भान येतं तेव्हा ते असं येतं. त्या आठवड्यात मी त्याला एकटं सोडलं नाही. आठ दिवसांनी पुन्हा म्हणाला, मला काही झालेलं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरंच सांगते.

त्याच कायद्यात, पुढे दाखल व्हायची वेळ आली तर आपल्याला काय चालेल आणि काय नाही, हे माणसाला आधीच लिहून ठेवता येतं. मी भीत भीत विचारलं. म्हणाला, "मी आजारी नाही. पण तुमचा भरवसा नाही, देतो लिहून." ड्रॉइंगच्या तासाला काढायचा तशा अक्षरात त्याने तीन ओळी लिहिल्या:

माझा चष्मा काढून घेऊ नये.
ताईने रोज यावे.
जेवणात काहीही मिसळू नये.