फर्मींच्या हस्तलिखित टिपणांतून डिरॅकचे समीकरण सोडवताना

भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १९५४ साली शिकागो विद्यापीठात पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) शिकवली, तेव्हा व्याख्यानांची टिपणे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून विद्यार्थ्यांना दिली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९६१ मध्ये ती पाने हस्ताक्षरासह जशीच्या तशी पुस्तकरूपाने निघाली. त्यांतला भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्या इलेक्ट्रॉनविषयक सिद्धान्ताचा शेवटचा भाग मला पुरता समजून घ्यायचा होता; कारण एम. एस्सी.च्या परीक्षेसाठी ‘स्पिन (म्हणजे कणाचा स्वतःचा, अंगभूत कोनीय संवेग) या समीकरणातून आपोआप निघते’ हे वाक्य मी पाठ केले होते, पण ते निघते कसे, हे कधी स्वतः करून पाहिले नव्हते.

या टिपणांत अक्षराची अडचण नाही, अडचण शब्दांच्या काटकसरीची आहे. वर्गात जे तोंडी सांगितले गेले असणार, ते कागदावर नाही. दर तासाच्या शेवटी फर्मी एक गणित घालत. तीही टिपणांत नव्हती, विद्यार्थ्यांच्या वह्यांत उरली होती, म्हणून दुसऱ्या आवृत्तीत ती जोडावी लागली. तेव्हा मी एक शिस्त ठरवली : एक ओळ वाचायची, पुढची झाकायची आणि मधल्या पायऱ्या पाठकोऱ्या कागदांवर स्वतः भरायच्या. हे काम कंटाळवाणे आहे, हे मोकळेपणाने सांगतो.

सुरुवात सोपी असते. ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान यांच्या सापेक्षतावादी संबंधात सगळे वर्ग येतात, तर डिरॅक यांना संवेगाचा पहिलाच घात असलेले समीकरण हवे होते. त्यासाठी आल्फा नावाचे तीन आणि बीटा हा चौथा, असे चार गुणक लागतात. प्रत्येकाचा वर्ग एक आणि कोणत्याही दोघांचा गुणाकाराचा क्रम बदलला की चिन्ह उलटे, अशी त्यांच्यावर अट असते. साध्या संख्यांना ही अट झेपत नाही, म्हणून मॅट्रिक्स, म्हणजे संख्यांच्या चौकटी, आल्या. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्समध्ये अशा तीनच मिळतात, म्हणून चार बाय चार. इथवर स्पिनचा शब्दही काढलेला नाही, हे मी मुद्दाम समासात लिहून ठेवले.

खरी मजा कोनीय संवेगाशी, म्हणजे फिरण्याशी निगडित संवेगाशी, आली. मुक्त इलेक्ट्रॉनावर बाहेरून काही बल नाही, तेव्हा त्याचा कोनीय संवेग कायम राहायला हवा. पुंजयामिकीत याचा अर्थ असा, की झेड दिशेचा कोनीय संवेग आणि हॅमिल्टोनियन (ऊर्जा दर्शवणारी राशी) यांच्या गुणाकाराचा क्रम बदलला तरी फरक शून्य यायला हवा. मी तो काढला, तर आल्फा-एक्स गुणिले पी-वाय, वजा आल्फा-वाय गुणिले पी-एक्स (पी म्हणजे संवेग) असे एक पद शिल्लक राहिले. ते कशानेही कटत नाही. मग आल्फा-एक्स आणि आल्फा-वाय यांच्या गुणाकारातून बनणारी सिग्मा-झेड ही मॅट्रिक्स घेतली, तिला एच-बारच्या (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) निम्म्याने गुणले आणि तिचाही हॅमिल्टोनियनशी तसाच फरक काढला. तेच पद उलट चिन्हाने आले. दोन्हींची बेरीज शून्य. म्हणजे इलेक्ट्रॉनापाशी एच-बारच्या निम्म्याइतका स्वतःचा कोनीय संवेग आहे, असे मानल्याशिवाय हिशेब जुळतच नाही. पाउली यांनी १९२७ मध्ये हीच गोष्ट समीकरणात हाताने घातली होती; डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणात ती घालावी लागली नाही. माझ्या मते हे गणित ज्याने एकदा हाताने केले नाही, त्याने ‘आपोआप’ हा शब्द वापरू नये.

ऋण ऊर्जेच्या उत्तरांविषयी आणि १९३२ मध्ये सापडलेल्या पॉझिट्रॉनविषयी (इलेक्ट्रॉनाच्या धनभारित जोडीदाराविषयी) पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे तिथे मी फार थांबलो नाही. चुंबकीय परिबलापाशी, म्हणजे कण किती जोरदार चुंबक आहे हे सांगणाऱ्या राशीपाशी, मात्र अडलो. चुंबकीय क्षेत्र घालून समीकरणाचा वर्ग केला की इलेक्ट्रॉनाचा जी-गुणक (परिबल आणि स्पिन यांचे प्रमाण सांगणारा आकडा) बरोबर दोन येतो. प्रत्यक्षात तो हजारात सुमारे एका भागाने जास्त भरतो, आणि प्रारणक्षेत्राशी (विद्युत्चुंबकीय क्षेत्राशी) होणाऱ्या आंतरक्रियेतून तेवढा फरक समजावता येतो. मग सहज प्रोटॉनाचे वस्तुमान घालून पाहिले. त्याचेही स्पिन निम्मेच, तेव्हा परिबल एक न्यूक्लीय मॅग्नेटॉन (प्रोटॉनाच्या वस्तुमानावरून ठरणारे परिबलाचे एकक) यायला हवे. मोजलेले आहे सुमारे २.७९. न्यूट्रॉनाला विद्युत्भार नसल्याने उत्तर शून्य यायला हवे, तर मोजलेले आहे उणे १.९१. इतकी तफावत किरकोळ दुरुस्तीने भरून निघणारी नाही. प्रोटॉन मूलकण आहे की त्याच्या पोटात आणखी काही दडले आहे, हा प्रश्न या आकड्यांपासूनच सुरू होतो, आणि प्रोटॉनाच्या आत आणखी लहान कण आहेत याचा ठोस पुरावा स्टॅनफर्डच्या त्वरकावरील (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावरील) प्रयोगांतून १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिळाला.

हल्ली हा भाग शिकवताना मी कोनीय संवेगाचे ते गणित विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेतो आणि प्रोटॉनाचे घरी करायला देतो.