रविवारची बॅटरी

कपाट आवरायला काढलं होतं. खालच्या खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात, कानाच्या मशीनच्या बॅटऱ्यांची चकती मिळाली. सहा घरांची, गोल फिरवून एकेक बॅटरी काढायची असते तशी. दोन घरं रिकामी, चार भरलेली, आणि चारींवरची नारिंगी चिकटपट्टी शाबूत. आवरणं तिथंच राहिलं. २०२० ची वही शोधून काढली आणि जमिनीवरच वाचत बसलो.

रोजनिशी मी काही नेमाने लिहीत नाही. त्या वर्षी लिहिली, कारण रविवार मोकळे पडले होते.

त्याआधी सहा वर्षं माझा रविवार ठरलेला असे. सकाळी दहाला आत्याकडे. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, आणि घरी मलाही. मांडीचं हाड मोडल्यावर तिला नुसतं उभं करायलाही दोन माणसं लागू लागली, तेव्हा तिला शुश्रूषा केंद्रात ठेवलं. ‘ठेवलं’ हे क्रियापद मला आजही बोचतं, पण दुसरं सुचत नाही.

जायचो म्हणजे करायचो काय? चष्मा पुसायचा. नखं कापायची. पायाला सूज आहे का ते अंगठ्याने दाबून बघायचं. मशीनच्या टोकातला मळ बारीक ब्रशने काढायचा आणि बॅटरी बदलायची, कारण ती आठवडा-दहा दिवसच टिकते. संपत आली की मशीन कानात टूं-टूं करतं. मग आत्या दोन बोटांनी कानामागे टकटक करायची आणि म्हणायची, “हा ओरडायला लागला बघ.” एवढं झालं की वर्तमानपत्र, त्यावरून वाद, आणि बारा वाजता मी बाहेर. दारावरच्या वहीत नाव, वेळ, नातं, आणि शेवटच्या रकान्यात कारण. तिथं मी नेहमी ‘भेट’ लिहायचो. सगळेच लिहायचे.

८ मार्चला असा शेवटचा रविवार झाला. ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही महासाथ असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या रविवारी गेटला कागद लावलेला: पुढील सूचनेपर्यंत भेटी बंद.

मी वाद घातला नाही. वहीत तसं स्वच्छ लिहिलंय: ‘बरोबरच आहे.’ फेब्रुवारीच्या अखेरीस अमेरिकेतल्या कर्कलंड गावच्या एका शुश्रूषा केंद्राची बातमी आली होती. काही आठवड्यांत तिथल्या साथीत तीसहून जास्त माणसं गेली. विषाणू आत येतो तो धडधाकट माणसांच्या अंगावरून, खोकला-ताप दिसण्याच्याही आधी, आणि एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी काम करणाऱ्यांबरोबर एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जातो, हे तिथून कळलं. १३ मार्चला अमेरिकेने देशभरच्या केंद्रांना भेटी थांबवायला सांगितलं, २० तारखेला नेदरलँड्सने. आत्या ८४ वर्षांची, छाती आधीच कमजोर. माझ्यामुळे तिला काही झालं असतं तर? म्हणून गेट बंद झालं त्याचं दुःख कमी आणि सुटका जास्त, असंही त्या पानावर आहे. ते खोडावंसं वाटलं आज. नाही खोडलं.

५ एप्रिलची नोंद: ‘व्हिडिओ कॉल. आधी छत, मग ट्यूबलाइट, मग आत्याचं कपाळ. केंद्रातल्या कामाच्या मावशींनी फोन धरला होता, पूर्ण पोशाखात, फक्त डोळे दिसत होते. मी बोललो. आत्या बघत राहिली. बहुधा मी ओळखू आलो नाही.’

पुढच्या नोंदी अशाच. मी मोठ्याने बोलू लागलो, मग ओरडू लागलो. शेजारच्या खोलीतून बायको विचारायची, भांडतोयस का. एकदा मावशीच म्हणाल्या, “हल्ली शांत झाल्यात हो. बोलतच नाहीत.” ३ मेच्या पानावर: ‘सिस्टर म्हणाल्या, वयाप्रमाणे विस्मरण वाढतंय, एकटेपणाने ते वेगाने होतं, तयारी ठेवा.’ मी तयारी ठेवली. ही गोष्ट मला स्वतःला अजून पटत नाही: दुसऱ्या कोणाचं सांगणं मी इतक्या पटकन मान्य केलं, तेही सहा वर्षं दर आठवड्याला तिचा कान हाताळलेला माणूस असून. पण एकटेपणाने माणूस मिटत जातो हे खरं असतं, म्हणूनच तर ते कारण इतकं चपखल बसलं. खऱ्या कारणाकडे बघायची गरजच उरली नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी, ७ तारखेला, खिडकीतून भेट मिळाली. तळमजल्याची खोली, काच बंद, मी बाहेर झुडपात उभा. खिडकीतून भेटण्यातली पहिली अडचण कोणी सांगत नाही, ती म्हणजे काचेत आपल्याला आपणच दिसतो. बाहेर ऊन, आत अंधार. दोन्ही हातांची ओंजळ करून कपाळ काचेला टेकवलं तेव्हा आत्या दिसली. खुर्चीत, नीट विंचरलेली. नखं वाढलेली. चष्म्याच्या डाव्या काचेवर बोटाचा तेलकट ठसा.

मावशींनी फोन तिच्या कानाला लावला. तिने तो हळूच बाजूला सारला. परत लावला, परत सारला. मावशी माझ्याकडे बघून हात हलवून ‘बघा, असंच’ असं काहीतरी म्हणाल्या. आणि मग आत्याने दोन बोटांनी कानामागे टकटक केलं.

क्षणभर मीही बघतच राहिलो. खिशात पावती होती, तिच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: मशीनची बॅटरी बघा. काचेला चिकटवून धरलं.

मावशींनी मशीन काढलं, मागचं दार उघडलं. बॅटरी होती. मीच ८ मार्चला घातलेली.

म्हणजे साधारण अकरा आठवडे आत्याच्या कानात एक मेलेलं यंत्र होतं. त्यात कोणाचा आळस नव्हता. केंद्रातली माणसं रोज सकाळी ते प्रेमाने लावत होती, रोज रात्री काढून डबीत ठेवत होती. तिच्या देखभालीच्या तक्त्यात तेच लिहिलं होतं: सकाळी मशीन लावणे, रात्री काढणे. बॅटरी बदलणे हे तक्त्यात नव्हतं, कारण ते काम कधीच त्यांचं नव्हतं. माझं होतं, आणि कागदावर मी पाहुणा होतो. वर मास्क. आत्या आमच्या ओठांवरून निम्मं वाचायची हे आम्हाला कुणालाच, बहुतेक तिलाही, माहीत नव्हतं. मार्चच्या मध्यात एकाच आठवड्यात तिचे कान गेले आणि सगळ्यांचे ओठही.

बॅटऱ्या दुसऱ्या दिवशी गेटवर दिल्या. ही चकती त्यातलीच. त्या काळात बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू पुसून, वेगळ्या टेबलावर ठेवून मग आत जायची, म्हणून आणखी एक दिवस गेला. संध्याकाळी मावशींचा फोन: “साहेब, नवीन घातली तरी बंदच आहे.” पट्टी काढल्या काढल्या घातली होती. या बॅटरीच्या पाठीला बारीक भोकं असतात, त्यांतून हवा आत जाते तेव्हा आतलं जस्त कामाला लागतं. पट्टी म्हणजे त्या भोकांवरचं झाकण. काढल्यावर मिनिटभर उघडी ठेवायची, मग बसवायची. तेवढा दम धरला नाही तर ती अर्धवट जागी होते. (एकदा पट्टी काढली की वापरा न वापरा, ती संपतच जाते. परत चिकटवून फारसा उपयोग नाही. माझे पहिल्या वर्षी बरेच पैसे यात गेले.) मावशींनी फोन चालू ठेवून मिनिट मोजलं, मोठ्याने, साठपर्यंत. खटकन दार लागल्याचा आवाज आला.

मी सवयीने ओरडलो, “आत्या!”

“अरे, ओरडतोस कशाला?” आत्या म्हणाली.

त्या दिवशीच्या पानावर एवढंच वाक्य आहे. बाकी पान कोरं.

नंतर ती तासभर बोलली. मावशींचा फोन तापला. सगळ्यांनी मिळून तिच्याशी अबोला धरलाय, असं तिला इतके दिवस वाटत होतं. आपलं काय चुकलं ते आठवायचा ती रोज प्रयत्न करायची, हे मात्र तिने मला पुढे बऱ्याच महिन्यांनी सांगितलं.

त्यानंतर मी जगभरच्या बातम्या याच नजरेने वाचू लागलो. नेदरलँड्सने ११ मेपासून २६ केंद्रांत प्रयोग म्हणून प्रत्येकी एका माणसाला आत सोडायला सुरुवात केली होती. कॅनडात ‘अत्यावश्यक देखभाल करणारे’ असा शब्द नातेवाइकांसाठी वापरात आला. शब्दाने काय होतं, असं म्हणणाऱ्याने दारावरची ती वही बघावी. पाहुण्याला ‘नंतर या’ म्हणता येतं. चष्मा पुसणाऱ्याला, भरवणाऱ्याला, सूज ओळखणाऱ्याला बाहेर काढलं तर ती कामं कोणाच्या तरी नावावर चढवावी लागतात, आणि ती कोणाच्याच नावावर चढली नाहीत. केंद्राला माणसं कमी, त्यात कोणी आजारी, कोणी विलगीकरणात. त्यांना मी दोष कसा देऊ? मला राग आहे तो त्या रकान्याचा. विषाणू रोखायला दार बंद करायचंच होतं तर बंद करण्याआधी एकदा विचारायचं होतं, तुम्ही दर रविवारी आत नेमकं करता काय?

आणि एक. एका टप्प्यावर ‘फक्त जवळचे नातेवाईक’ असा नियम आला आणि कंसात पती-पत्नी, मुले, भावंडे. भाचा त्यात नव्हता. आत्याला त्यातलं कोणीच उरलेलं नव्हतं. दोन अर्ज आणि चार फोन लागले. पुरे, त्यावर जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

त्या वर्षीचा एक फोटो सगळीकडे फिरला होता. साओ पाउलोमधल्या एका केंद्रातला, ५ ऑगस्ट २०२० चा, मॅड्स निसेन यांनी काढलेला. प्लास्टिकच्या पडद्याला बाह्या शिवलेल्या, त्यांत हात घालून ८५ वर्षांच्या बाईंना मारलेली मिठी. पाच महिन्यांतली पहिली. पडद्याची पिवळी किनार पंखांसारखी दिसते. पुढच्या वर्षी त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा मोठा पुरस्कार मिळाला. मलाही तो दहा जणांनी पाठवला, बहुतेकांनी ‘अखेर घरच्यांची मिठी’ असं वर लिहून. पण मिठी मारणारी तिथली परिचारिका आहे. मला तो फोटो त्यामुळेच जास्त आवडतो. मावशींचं मोजणं आठवतं, एक ते साठ.

पडदा, खिडकी, फोन, सगळं झाल्यावर आम्हाला खरीखुरी भेट मिळाली ती लसीचे दोन्ही डोस झाल्यावर, २०२१ मध्ये. नाकात काडी, निकालासाठी पंधरा मिनिटं, मग आत भेटायला तीस मिनिटं. मास्क, हातमोजे. ‘स्पर्श शक्यतो टाळा’ अशी पाटी. मी ‘शक्यतो’ हा शब्द दोनदा वाचला.

आत्या बारीक झाली होती. मला बघून म्हणाली, “केस काय वाढवलेत!” मग काही न बोलता तिने दोन्ही हात पुढे केले, पालथे. मला आधी वाटलं, हात धरायला. तिने बोटं हलवली. नखं.

नेलकटर माझ्या खिशात होताच. हातमोज्यांनी नखं कापता येत नाहीत, रबर अडकतं. उजव्या हाताचा मोजा काढला. तीस मिनिटांतली बावीस नखांत गेली, कारण ती मध्येमध्ये बोट ओढून घेऊन काहीतरी सांगत होती. वर्तमानपत्र राहिलं. चष्मा पुसला. बॅटरी बदलली. पट्टी काढून ती तळहातावर धरली आणि आम्ही दोघं मिनिटभर तिच्याकडे बघत बसलो.

बाहेर पडताना वहीत सही केली. नातं: भाचा. कारणाच्या रकान्यात ‘बॅटरी, नखं, चष्मा’ लिहिलं. पहारेकऱ्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “भेट असं लिहा ना, साहेब. रकाना लहान आहे.”