२०१४चा कागद, २०२४ची नोटीस

ऑगस्ट २०२४. जुन्या कंपनीच्या वकिलांची नोटीस रजिस्टर ए.डी.ने आली. तिथला एक पोरगा जुलैमध्ये माझ्याकडे लागला होता. मी त्याला फोडला, असं म्हणणं. सोबत मी २०१४ साली सही केलेल्या कराराची झेरॉक्स. नोकरी सोडल्यावर २४ महिने कंपनीची माणसं फोडायची नाहीत, असं कलम. मला ते आठवतही नव्हतं. दहा वर्षांपूर्वीच्या कागदात आता काय दम, असं म्हणत मी शिवाजीनगर कोर्टाजवळच्या वकीलबाईंकडे गेलो.

त्यांनी करार बाजूला सारला आणि रिलीव्हिंग लेटर मागितलं. ३१ ऑगस्ट २०२२. "कागद जुना झाला, मुदत नाही झाली. ती सहीपासून नव्हे, सोडल्यापासून धरायची. तुमचा माणूस सहा आठवडे आधी आला."

मी कलम २७ घोकून गेलो होतो. १८७२च्या करार कायद्यात धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल धरतात ना? बाई म्हणाल्या, नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नकोस, ही अट त्यात मारली जाते. माणसं फोडू नकोस, ही वेगळी. विप्रो विरुद्ध बेकमन कोल्टर खटल्यात, २००६ साली, दिल्ली उच्च न्यायालयाने अशी अट २७मध्ये बसत नाही असं म्हटलं. तो करार दोन कंपन्यांमधला होता, पण बेकमनची जाहिरातच तिच्या अंगाशी आली: आमच्या यंत्रांवर काम केलेल्यांना प्राधान्य. ती यंत्रं सांभाळत होती विप्रोची माणसं!

"तुमची जाहिरात दाखवा."

माझ्या जाहिरातीत कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. मग व्हॉट्सॲप. 'सर, जाहिरात पाहिली, जागा भरली का?' पहिला मेसेज त्याचा. मी निवांत झालो, तर बाईंनी वर सरकवलं. मे महिन्यातला माझा मेसेज: 'कंटाळलास की सांग,' पुढे हसरा चेहरा. त्या ओळीवर बाई बराच वेळ थांबल्या. "हे पुसू नका. पण पुन्हा लिहूही नका."

उत्तरात आम्ही जाहिरात आणि त्याचा अर्ज जोडला. कंपनीने मग नवं हमीपत्र पाठवलं: पुढची दोन वर्षं कुणालाही घेणार नाही. जुनी मुदत तोवर संपली होती, म्हणून बाईंनी सही करू दिली नाही. त्यानंतर पत्र नाही. करारभंगाच्या दाव्याला मात्र तीन वर्षं असतात. फाइलवर बाईंनी पेन्सिलीने 'जुलै २०२७' लिहून ठेवलंय.