आधी शिसं ओळखायचं, मग साचा घ्यायचा

गेल्या महिन्यात फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला होता, माझ्या ठासणीच्या बंदुकीसाठी घरी पाडलेल्या, जुन्या टॉवेलवर पडलेल्या पन्नासेक शिशाच्या गोळ्यांचा, नुकत्या ओतलेल्या, चांदीसारख्या चकचकीत. दुसऱ्या मिनिटाला बेळगावजवळच्या खानापूरवरनं मामांचा व्हिडिओ कॉल. "काय गा, एवढं शिकून अमेरिकेत जाऊन शिसं आटवालास?" त्यांना काळजी वाटली होती हे आवाजावरनंच कळलं. आता गणपतीला आलोय, मामांच्याच पडवीत बसलोय, समोर भात पोटरीला आलंय आणि रात्री रानडुकरं येतात म्हणून पोरं फटाके घेऊन माळ्यावर बसतात. येईल तो पाहुणा त्या फोटोचंच विचारतोय, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. तिथं ठासणीच्या बंदुकीचं वेड फार जुनं आहे, १८व्या शतकात लँकेस्टरच्या आसपास जर्मन कारागीर ज्या लांब नळीच्या रायफली घडवायचे त्याच घडणीच्या रायफली लोक आजही रेंजवर घेऊन येतात. १९७४ पासून तिथं हरणाच्या शिकारीचा एक हंगाम फक्त चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं दारू पेटवणाऱ्या बंदुकीसाठी राखून ठेवलेला आहे, ख्रिसमसनंतरच्या थंडीत. मी शिकार करत नाही, मला कागदावरचं टार्गेट पुरतं. नळीत दारू ओतायची, तेल लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गोळा बसवून गजानं थेट दारूपर्यंत ठासायचा, मधे जागा सोडायची नाही, मग चाप. एका बाराला दीड-दोन मिनिटं जातात आणि तेच मला आवडतं. नियम राज्याराज्यात वेगळे, व्हिसावर असणाऱ्यांसाठी तर अजूनच वेगळे, म्हणून मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबलो होतो.

आता खर्चाचं. माझी रायफल ५० कॅलिबरची, म्हणजे नळी आतनं अर्धा इंच, तिला ०.४९० इंचाचा गोळा लागतो, बाकीची जागा कापड भरून काढतं. मी सुरू केलं तेव्हा तयार १०० गोळ्यांचा डबा मला २२ डॉलरला पडायचा. एका रविवारी वीस-पंचवीस सहज संपतात. आणि असा एक गोळा साधारण १७७ ग्रेनचा, म्हणजे साडेअकरा ग्रॅमचा, म्हणजे एका पौंड शिशात ३९ गोळे. भंगारातलं शिसं मला पौंडाला दोन डॉलरच्या आत मिळालं, तेव्हा शंभर गोळे पाच डॉलरला. साचा ३५ डॉलर, दोन गोळ्यांचा ॲल्युमिनियमचा, दांड्यांसकट. कॅम्पिंगची गॅस शेगडी, गॅरेज सेलमधलं बिडाचं जुनं भांडं, स्टीलची पळी, चामड्याचे हातमोजे, गॉगल, सगळं धरून ८५ डॉलर झाले. पाचशे गोळ्यांत वसूल. इलेक्ट्रिक भट्टी, थर्मामीटर, सहा-सहा गोळ्यांचे साचे हे सगळं छान असतं पण पहिल्या वर्षी त्यातलं काहीच लागत नाही असं माझं ठाम मत आहे. एक मात्र करा, साचा मागवायच्या आधी ०.४९० आणि ०.४९५ दोन्हीचे तयार गोळे थोडे थोडे घेऊन मारून बघा, बंदुकीला जो मानवेल त्याचाच साचा घ्या. नाहीतर साचा पडून राहतो.

पैसा वाचतो तो शिशात आणि वाया जातो तोही शिशातच. मी पहिली चूक तिथंच केली. एका टायरच्या दुकानातनं चाकाच्या बॅलन्सिंगची वजनं बादलीभर आणली, स्वस्त मिळाली म्हणून खूश होतो. ती वितळवून गोळे पाडले, दिसायला सुरेख, पण नळीच्या तोंडाशीच अडकायला लागले. क्लिप लावून बसवतात त्या वजनांत अँटिमनी नावाचा धातू मिसळलेला असतो, त्यानं शिसं कडक होतं आणि साच्यातनं गोळा किंचित मोठाही पडतो. ठासणीच्या बंदुकीला नरम, शुद्ध शिसं पाहिजे. ओळखायचं कसं तर नखानं ओरखडा काढायचा, खोल उठला तर नरम. दुसरं म्हणजे सिमेंटच्या फरशीवर टाकायचं, शुद्ध शिसं नुसतं थप्प करतं, कडक असेल तर टण्ण वाजतं. छपराच्या सांध्यातले शिशाचे पत्रे, जुने पाण्याचे पाइप, एक्स-रे रूम पाडली की भिंतीतनं निघणारे पत्रे, हे सगळ्यात चांगलं. आजकाल चाकाची वजनं जस्ताचीही येतात, जस्त ४१९ अंशाला वितळतं आणि शिसं ३२७ ला, तेव्हा आच हळूहळू वाढवली तर जस्ताचे तुकडे वर तरंगत राहतात, तेवढ्यात चिमट्यानं काढून टाकायचे. एकदा मिसळलं की साचा नीट भरतच नाही. आणि गाडीची बॅटरी कधी, कधीच फोडायची नाही, ॲसिड तर आहेच पण वितळवताना त्यातनं जे वायू निघू शकतात ते जीवघेणे असतात.

ओतायचं काम मला परकं वाटलं नाही, कारण बाबा तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे होते. लहानपणी मी डबा द्यायला जायचो, तेव्हा भट्टी ओतायच्या वेळी गेटच्या आत येऊ द्यायचे नाहीत, बाहेरनंच तो लाल उजेड बघायचो. बाबांचं एक वाक्य घरात कायम असायचं, "ओल दिसली की लांब उभं राहा." ते आता पेनसिल्व्हेनियात माझ्या अंगणात मला रोज उपयोगी पडतंय. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब गेला तर त्याची क्षणात वाफ होते आणि सगळं भांडं अंगावर उडतं. म्हणून भंगार टाकायचं ते थंड भांड्यातच, पळीसुद्धा आधी काठावर तापवून घ्यायची, आभाळ आलं असेल तर त्या दिवशी शेगडी पेटवायचीच नाही. सुती फुल शर्ट, पायात चामड्याचे बूट.

शिसं पातळ झालं की वर राखाडी मळी येते. वाटाण्याएवढं मेण टाकून तळापासून ढवळायचं, धूर येतो, कधी भपकन पेट घेतो, घाबरायचं नाही पण तोंड लांब ठेवायचं. मळी पळीनं काढली की खाली आरसा दिसतो. साचा आधी साबणानं धुऊन पूर्ण वाळवलेला पाहिजे आणि आतनं काडेपेटीच्या काडीची काजळी धरलेली. मग साच्याचा एक कोपरा शिशात बुडवून ठेवायचा, बाहेर काढल्यावर शिसं चिकटून आलं नाही की साचा तापला असं समजायचं. पहिले आठ-दहा गोळे सुरकुतलेलेच पडतात, ते परत भांड्यात टाकायचे. गोळ्यावर दवासारखी पांढरट झाक यायला लागली तर उलटं, साचा जास्त तापलाय, जरा थांबायचं. वरचं तोंड गोठलं की लाकडाच्या दांडक्यानं साच्यावरची ओतायच्या भोकाची पट्टी सरकवायची, रनर म्हणजे वर उरलेला शिशाचा तुकडा तुटतो, दांडे उघडले की गोळा टॉवेलवर. साच्याच्या ठोकळ्यावर दांडकं मारायचं नाही, ॲल्युमिनियम लगेच बिघडतं. शेवटी एकेक गोळा काट्यावर तोलायचा, बाकीच्यांपेक्षा दोन ग्रेनहून जास्त हलका भरला तर आत पोकळी आहे, परत भांड्यात.

शिसं विषारी आहे, हे मी मामींना तीनदा सांगितलं आणि इथंही सांगतो. आमच्या घरात पोरगी चार वर्षांची आहे. लहान मुलांच्या मेंदूला अगदी थोडं शिसंही बाधतं, त्यामुळे मी हे काम घरात किंवा गॅरेजमधे करत नाही, उघड्यावर करतो, वारा पाठीमागनं घेऊन. भांडं आणि पळी परत स्वयंपाकघरात नाही, कधीच नाही. काम चालू असताना चहा नाही, तोंडाला हात नाही. मळीची पूड वाफेपेक्षा जास्त घातक, हलकी असते, उडते, म्हणून ती झाकणाच्या डब्यात. कपडे वेगळे धुतो, हात साबणानं घासून मगच दाराला हात, आणि वर्षातनं एकदा रक्तातलं शिसं तपासून घेतो. हा खर्च मी गोळ्यांच्या हिशोबात धरला नाही, पण तो टाळायचा नाही.

आणि हे वाचून इकडं कुणी चुलीवर शिसं ठेवू नका. आपल्याकडं १९५९ चा आर्म्स ॲक्ट आहे, ठासणीच्या बंदुकीलासुद्धा लायसन लागतं आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. मामांची बंदूक त्याच कायद्यातल्या पीक-संरक्षणाच्या तरतुदीखाली मिळालेली, त्यांच्या वडिलांपासूनची, नळीवर बोटाच्या जागी पॉलिश गेलेलं. इलेक्शन आलं की ती पोलीस स्टेशनात जमा करून पावती आणायची, मग परत आणायची, मामा हे सगळं बिनचूक करतात. मी येताना एक गोळासुद्धा आणलेला नाही, साचाही नाही.

काल संध्याकाळी बाबा बेळगावहून कुंदा घेऊन आले. मोदक झाल्यावर चष्मा लावून त्यांनी माझ्या मोबाइलवर तोच फोटो मोठा करून बघितला, बराच वेळ, बोटानं एकेक गोळा सरकवत. मामा म्हणाले, "काय दाजी, जमलंय काय पोराला?" बाबांनी तिसऱ्या ओळीतल्या एका गोळ्यावर बोट ठेवलं. "ह्याला कोल्ड शट आहे बघ, ही बारीक रेघ. साचा थंड होता तुझा." मी बघितलं तर खरंच होती, केसाएवढी. बाकीच्या गोळ्यांबद्दल ते काहीच बोलले नाहीत, फक्त पुढच्या वेळी ओतताना फोन लाव म्हणाले, रात्र असली तरी जागा राहीन.